दोनशे बारा माणसांचं जहाज

कुठेही शिरायच्या आधी भाऊ दारात थांबत आणि आतली माणसं मोजत. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत जाई, ओठ हलत, आणि आकडा पक्का झाला की मान एकदा खाली जाई. मगच पाऊल आत पडे. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाया सुरुवातीला अवघडून पदर सावरत; पुढे त्यांनाही सवय झाली. जाताना भाऊ पुन्हा मोजत. मधल्या वेळात कोणी उठून गेलं असेल तर खिडकीशी येऊन मला विचारत, "बाई, ते निळ्या शर्टवाले कुठी गेले?"

मी स्वभावाने तुसडी आहे. निळ्या शर्टावर नजर ठेवायला मला कोणी नेमलेलं नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "तुमाले नाई नेमलं. मले सवय हाय." आणि बाहेर जाऊन निळा शर्ट पानटपरीवर सापडला तेव्हाच घरी गेले.

घुग्घुसजवळच्या एका कोळसा खाणीच्या वसाहतीत आमचा दवाखाना. मी तिथे औषधं देते. भाऊ खाणीच्या बत्तीघरात होते. ज्यांना खाण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली उतरणारा प्रत्येक जण बत्तीघराच्या खिडकीत आपला पितळी बिल्ला देतो आणि टोपीला लावायची बत्ती घेतो. बिल्ला फळ्यावर टांगला जातो. माणूस वर आला की बत्ती परत देतो, बिल्ला परत घेतो. फळ्यावर बिल्ला दिसला म्हणजे माणूस आत आहे. फळा रिकामा म्हणजे खाण रिकामी. पंधरा वर्षं खाली कोळसा काढून छाती खराब झाल्यावर भाऊंना हे हलकं काम मिळालं होतं. हलकं म्हणजे उचलायला हलकं.

एकदा चामोर्शीहून चंद्रपूरला येताना ते माझ्याच एसटीत निघाले. वाटेत मूल गावी गाडी चहासाठी थांबली. निघताना कंडक्टरने घंटी मारली आणि भाऊ उठून उभे राहिले.

"थांबा. येक कमी हाय."

"बसा जी तुमी. मी मोजले," कंडक्टर म्हणाला.

"तुमी तिकिटं मोजली. मी मानसं मोजली."

झालं, दहा मिनिटं हुज्जत. लोक वैतागले, मीही वैतागले, ओळख दाखवायची नाही म्हणून खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी टपरीच्या मागून एक म्हातारी चपला हातात घेऊन धावत आली. कंडक्टरने भाऊंना कोपरापासून हात जोडले आणि सगळी गाडी हसली. मला वाटलं, आता हा माणूस फुशारकी मारणार. ते गुपचूप खाली बसले. हात त्यांनी मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

दवाखान्यात त्यांचं येणं औषधासाठी कमी आणि कचऱ्यासाठी जास्त. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा, इंजेक्शनच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं, सलाईनच्या नळ्या, मलमाच्या डब्या, सुया सोडून सगळं त्यांना हवं असे. स्ट्रिप उजेडात धरून ते तिचे फुगीर कप्पे बघत. "गोया लोकाइच्या, घरं माह्यी," असं म्हणत आणि पिशवीत टाकत. हे सगळं धुऊन, वाळवून त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचं काम कांताबाई करायची. कांताबाई आमची आया. तिचा नवरा याच खाणीत छत कोसळून गेला आणि त्याच्या जागी तिला दवाखान्यात लावलं होतं. तेव्हा तिची मुलगी चार वर्षांची होती. कांताबाई पिशवी पुढे करायची आणि भाऊ ती दोन्ही हातांनी घ्यायचे, तिच्याकडे न बघता. मला ते लाजाळूपण वाटायचं. माणसं ओळखण्यात मी हुशार आहे असा माझा तेव्हा समज होता.

या कचऱ्याचं हे गृहस्थ करतात काय, हे बघायला मी एका रविवारी त्यांच्या खोलीवर गेले. निवृत्तीनंतर वसाहतीतलं घर सोडून ते घुग्घुस गावात सिमेंटचे पाईप विकणाऱ्याच्या दुकानामागे दोन खोल्या घेऊन राहत होते. बायको आधीच वारलेली, मुलगी चिमूरला दिलेली. पुढची खोली उघडली आणि मला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागलं, कारण बाकी सगळी जागा जहाजाने घेतली होती.

आकाशात जाणारं जहाज. नऊ फूट लांब, माझ्या कमरेएवढं उंच, चार तुकडे करून नट-बोल्टने जोडलेलं. बाहेरून पीव्हीसीचे पाईप, सनबोर्ड, जुन्या रेडिओची पाठ, सायकलच्या रिंगा. वरून राखाडी रंग आणि त्यावर जागोजाग मुद्दाम काढलेले गंजाचे डाग. कुठल्या चित्रावरून केलेलं नव्हतं, सगळं डोक्यातून. एक बाजू कपाटाच्या दारासारखी उघडत होती. भाऊंनी ती उघडली आणि भिंतीवरचं बटण दाबलं. आत शेकडो बारीक दिवे लागले.

मी खाली बसले ती पाऊण तास उठले नाही. आत मजले होते, जिने होते, झोपायच्या खोल्या होत्या. काड्यापेटीच्या आकाराच्या पलंगांवर माझ्याच दवाखान्यातल्या बँडेजच्या गाद्या. स्वयंपाकघरात घड्याळाच्या चाकांच्या शेगड्या आणि भाताची पोती. गोळ्यांच्या कप्प्यांच्या खिडक्या. सलाईनच्या बाटलीच्या घुमटाखाली धानाची बांदी, म्हणजे बांध घातलेलं भातशेत, तिच्यात बोटभर उंचीचे हिरवे धागे रोवलेले, आणि नळीतून त्यांना पाणी. शाळा होती, दवाखाना होता, दवाखान्यात औषधं द्यायची खिडकीही होती. ती खिडकी माझ्या खिडकीपेक्षा नीटनेटकी होती.

वसाहतीतले एक साहेब हे बघायला आले होते म्हणे. त्यांनी विचारलं, "याचा वेग किती?" भाऊ म्हणाले, "साहेब, वेग नका पुसू. संडास किती हायत ते पुसा." पाळीच्या फळ्यावर खिळे होते तेवढ्याच, दोनशे बारा माणसांना अठरा संडास होते. साहेबांनी विचारलं नाही, तरी भाऊंनी दाखवले, एकेक दार उघडून.

"पण जहाजच का? आणि आकाशात का?" मी विचारलं.

त्यांनी एका जिन्याचा कठडा बोटाने पुसला. मग म्हणाले, "तिथी वर छत नाई ना, बाई. पडन काय?"

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं.

आठ वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी पहिली पाळी सुटत होती. कांताबाईचा नवरा वर यायला निघाला आणि मध्येच त्याच्या लक्षात आलं की जेवणाचा डबा खालीच राहिला. त्याची बत्ती उतरत आली होती. जोडीदाराची नवी होती. त्याने जोडीदाराची बत्ती घेतली, आपली त्याच्या हातात दिली, म्हणाला, जमा कर, मी आलोच. जोडीदार खिडकीशी आला तेव्हा त्याच्या हातात कांताबाईच्या नवऱ्याची बत्ती होती आणि स्वतःची नव्हती. भाऊंनी विचारलं, "अन् तुह्यी?" तो म्हणाला, "मागून येऊन राह्यली." बाहेर पाळीची बस हॉर्न वाजवत होती. नियम असा की ज्याची बत्ती त्यानेच द्यायची, आणि बत्ती हातात आल्याशिवाय बिल्ला सोडायचा नाही. पण एकाची बत्ती समोर होती आणि दुसरा माणूस स्वतः समोर होता. एकमेकांच्या बत्त्या आणून देणं रोजचंच झालं होतं. दमलेल्या माणसाला कशाला अडवायचं, म्हणून भाऊ चालवून घेत. त्यांनी दोन्ही बिल्ले काढून दिले. त्या भागाचा फळा रिकामा झाला.

अर्ध्या तासाने खाली छत बसलं. साहेब धावत खिडकीशी आले. आत कोण आहे? भाऊंनी फळ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "कोनी नाई, साहेब. समदे बाहेर."

शनिवारी तिथे दुसरी पाळी नसे. तो भाग बंद केला. रविवारी सुटी. कांताबाईनेही शोध घेतला नाही, कारण नवरा पाळीवरून परस्पर चामोर्शीकडच्या गावी धान कापायला जाणार होता. सोमवारी सकाळी जोडीदार खिडकीशी आला आणि म्हणाला, "भाऊ, माही बत्ती द्या." ती जागा रिकामी होती.

दगड हटवले तेव्हा कांताबाईचा नवरा पलीकडे मेलेला सापडला. अंगावर एकही दगड नव्हता. बत्ती तपासायला भाऊंच्या टेबलावर आली. तिचा खटका बंद होता. भाऊंनी तो दाबला आणि बत्ती लागली.

"चालू राह्यली असती तं संपून गेली असती, बाई," भाऊ म्हणाले. "त्यानं हातानं बंद केली. जो मानूस बत्ती वाचवते तो कोनाची तरी वाट पाह्यते. अन् मी इथी सांगून राह्यलो, कोनी नाई."

चौकशीत सगळं मेलेल्यावर गेलं. नियम मोडून आत परतला, असं लिहिलं गेलं. खिडकीबद्दल कोणी विचारलं नाही आणि भाऊ, जोडीदार, दोघंही गप्प बसले. आता भाऊंना एकच करायचं होतं: कांताबाईला हे सांगायचं. त्यांच्या छातीचे एक्स-रे माझ्याच हातून डॉक्टरांकडे जात होते. फार वर्षं हातात नाहीत, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मी त्यांना अडवलं. सरळ सांगते, दरडावून अडवलं. कारण माझ्याजवळ त्यांच्या बत्तीपेक्षाही जास्त होतं. त्या सोमवारी अकराच्या सुमारास कांताबाईच्या नवऱ्याला आधी आमच्याच दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टरांनी त्याची बोटं, कोपर वाकवून पाहिलं आणि मला हळू आवाजात म्हणाले, "आज पहाटेपर्यंत जिवंत होता हा." बाहेर व्हरांड्यात कांताबाई पोरीला कडेवर घेऊन उभी होती. मी तिच्याजवळ गेले आणि सांगितलं, दगड लागला, लगेच गेला, त्याला कळलंसुद्धा नाही. पुढे शवविच्छेदनाच्या कागदावर जे आलं ते इंग्रजीत होतं. तिला ते कोणी वाचून दाखवलं नाही, मीही नाही. तीच कांताबाई पुढे माझ्या हाताखाली आली. रोज अकराला आम्ही दोघी औषधांच्या खोलीत चहा पीत होतो.

"तुमचं ओझं हलकं करायला ते तिच्या डोक्यावर देता का?" मी भाऊंना म्हणाले. "ती सावरली आहे. लगेच गेला म्हणून झोप तरी लागते तिला. सांगायचं असेल तर देवाला सांगा."

ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "जहाज पुरं होऊ द्या मंग. तवा पाहू."

त्यानंतर जहाज काही पुरं होईना. शाळेला ग्रंथालय आलं. ग्रंथालयाला लाकडाच्या भुशाची बाग आली. एकदा धोबीघाट आला, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या नखाएवढ्या धोतरांसकट. मी चेष्टा करायची, "भाऊ, आता आकाशात आठवडी बाजारही भरवा." त्यांनी भरवला. टोपल्या, तराजू, मिरच्यांचे ढीग, सगळं. सगळ्यात शेवटी दाराशी बत्तीघर झालं. त्यात फळा, फळ्यावर दोनशे बारा खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली बाटलीच्या झाकणातून कापलेला एकेक बिल्ला, नंबर कोरलेला. ते मी भिंग लावून वाचले. तीन वर्षं अशी गेली. मला वाटलं, मी सगळ्यांचं भलं केलं.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात भाऊंना दोन खोल्यांमधलं अंतर चालवेना. ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्यांनी निरोप पाठवला तो मला नाही, कांताबाईला. "तुमी इतले वर्स धुऊन देल्लं, येकदा पाहून तं जा." तिने मलाच बरोबर घेतलं.

भाऊ खुर्चीत बसले होते, नाकाला नळी. आमच्याकडे पाहून त्यांनी अंगठा पेरांवर नेला, दोनच माणसं होती तरी. मग बटण दाबलं.

कांताबाई जहाजापुढे बसली. मी घालवला तेवढाच वेळ तिने घालवला. पदराचं टोक बोटाला गुंडाळून ती एकेका खोलीत डोकावत गेली. धानाच्या बांदीशी थांबली, "पऱ्हं दाट झालं जी थोडं," रोपांवर बोट ठेवून म्हणाली. भाऊ हसले. ते हसणं त्यांना खोकल्यावर घेऊन गेलं. पलंग, शेगड्या, बाजार, सगळं पाहून झाल्यावर ती मागे वळली.

"भाऊ, यात मानसं कुठी हायत?"

मी इतक्या वेळा आले, मला हे दिसलं नव्हतं. त्या आख्ख्या जहाजात एकही माणूस नव्हता.

"नाई ठेवली," भाऊ म्हणाले. "ठेवली तं मोजा लागन. मोजाचं भेव वाटते मले."

"काऊन?"

आणि त्यांनी तिला सांगितलं. यंत्राच्या आवाजात, दर तीन शब्दांनी श्वास घेत, बस, दोन बिल्ले, साहेबांना दिलेलं उत्तर, खटका बंद असलेली बत्ती, सगळं. काही गाळलं नाही. मी तिथेच उभी होते आणि दाराकडे बघत होते. सांगून झाल्यावर त्यांनी हात जोडले नाहीत, माफी मागितली नाही. एवढंच म्हणाले, "तुमाले सांगाचं राह्यलं होतं."

कांताबाई उठली. जहाजाचं दार तिने हळूच लावलं, चप्पल घातली आणि निघून गेली. माझ्यासाठी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. झाडलं, पुसलं, पट्ट्या उकळल्या. अकराला चहाला आली नाही. दहा-बारा दिवस असेच गेले. भाऊंकडे मी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्या मागे कोणी आहे का. तिसऱ्या वेळी जायच्या आधीच शुक्रवारी सकाळी निरोप आला. शेजारचा पाईपवाला चहा घेऊन गेला तेव्हा यंत्र चालू होतं आणि भाऊ गेले होते.

मुलगी-जावई चिमूरहून आले. जहाज इथल्या शाळेत ठेवता येईल का, म्हणून मी विचारून पाहिलं. जागा नाही म्हणाले. जावयाने टेम्पो आणला. नट सोडून चार तुकडे वेगळे केले, वर ताडपत्री बांधली. खड्ड्यांवरून टेम्पो गेला तेव्हा आतून खळखळ ऐकू येत होती. मुलगी म्हणाली, गोठ्याच्या माळ्यावर ठेवू. तिथे ते अजून आहे, असं ऐकते.

तेराव्यानंतर कांताबाई अकरा वाजता औषधांच्या खोलीत आली. मी दोन कप भरले. तिने तिचा घेतला, पण प्यायली नाही.

"किती वेळ होता तो?" तिने विचारलं. "भाऊले मालूम नव्हतं. तुमाले मालूम असन. तुमी होत्या तिथी."

खोटं बोलायची मला आता लाज वाटली. "सोमवार पहाटेपर्यंत," मी म्हणाले.

"म्हंजे दोन राती."

"हो."

तिला रडू येईल म्हणून मी उठायला लागले. ती रडली नाही.

"अकरा वर्स मी समजली, दगड पडला अन् गेला, त्याले कोनाची आठवन कराले टाईमच नाई भेटला. मले याचंच वाईट वाटे, म्याडम, बाकी कशाचं नाई. अन् तो दोन राती होता. मंग आठवलं असन ना जी त्यानं आमाले. पोरीचं नाव घेतलं असन. त्या दोन राती माह्या होत्या. तुमी कोन जी त्या आपल्यापाशी ठेवनाऱ्या?"

मी माझा कप खाली ठेवला.

"भाऊवर राग नाई माहा," ती म्हणाली. "चूक झाली त्याइची, पन त्याइनं सांगितलं तरी. तुमी तं रोज माह्या संग चहा पेत होत्या. मी जानारच होती त्याइच्याकडे, आयतवारी. थे शुक्रवारीच गेले."

तिने कप तसाच मोरीत ओतला, विसळला, पालथा घातला आणि फडकं घेऊन बाहेर गेली.

राग नाही, एवढं एक वाक्य. त्यासाठी तो माणूस तीन वर्षं खोलीला खोली जोडत बसला, आणि ते वाक्य कांताबाईजवळ होतं. मी त्यांना गप्प बसवलं नसतं तर भाऊंना ते ऐकायला मिळालं असतं.